‘बाय’ की ‘अनटिल’? ‘पर्यंत’चं इंग्रजी करताना

रविवारी टाकी धुवायची म्हणून लिफ्टशेजारी लावलेली ही नोटीस बघा: “वॉटर सप्लाय विल बी क्लोज्ड बाय ४ पीएम. प्लीज स्टोअर वॉटर अनटिल ९ एएम.” लिहिणाऱ्याच्या मनातलं मराठी सरळ होतं: पाणी चारपर्यंत बंद राहील, नऊपर्यंत भरून ठेवा. इंग्रजीत ते उलटं झालं. वाचणाऱ्याला कळतं ते असं, की पाणी चारच्या आत कधीतरी बंद होणार आहे आणि नऊ वाजेपर्यंत साठवत राहायचं आहे. मग ‘दहाला बादल्या लावू’ म्हणणारा माणूस नोटीस नीट वाचूनही कोरडा राहतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात, कूलरलाही पाणी लागत असताना, हे महागात पडतं. दुरुस्ती म्हणजे दोन शब्दांची अदलाबदल: “वॉटर सप्लाय विल बी ऑफ अनटिल ४ पीएम. प्लीज स्टोअर वॉटर बाय ९ एएम.” जाता जाता, पाणी ‘क्लोज्ड’ नसतं, ‘ऑफ’ असतं.

घोळ होतो तो ‘पर्यंत’मुळे. मराठीत हा एकच शब्द दोन कामं करतो आणि आपलं कधी अडत नाही, कारण अर्थ सांभाळायला क्रियापद असतं. इंग्रजीत ही दोन कामं दोन शब्दांनी वाटून घेतली आहेत. ‘अनटिल’ म्हणजे एखादी गोष्ट त्या क्षणापर्यंतचा सगळा वेळ चालू असते आणि तिथं थांबते किंवा बदलते. ‘बाय’ म्हणजे एखादी गोष्ट त्या क्षणाच्या आत केव्हातरी एकदा घडते. तो क्षण ही शेवटची मुदत.

राहील की होईल?

वाक्य आधी मराठीत म्हणा आणि क्रियापदाकडे बघा. ‘पर्यंत’कडे बघत बसू नका, उत्तर तिथं नाही. वाक्याच्या शेवटी ‘राहील’ किंवा ‘-त राहा’ बसत असेल तर अनटिल. ‘होईल’ किंवा ‘-ऊन टाका’ बसत असेल तर बाय.

‘दुकान नऊपर्यंत उघडं राहील’: “द शॉप विल बी ओपन अनटिल ९.” ‘दुरुस्ती नऊपर्यंत होईल’: “द रिपेअर विल बी डन बाय ९.” ‘हा धडा रविवारपर्यंत वाच’ या वाक्यात मात्र दोन्ही बसतात, म्हणून आधी स्वतःला विचारा की काय सांगायचं आहे. वाचून टाक असेल तर “रीड इट बाय संडे”, रोज वाचत राहा असेल तर “कीप रीडिंग इट अनटिल संडे”.

शंका राहिलीच तर ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. ‘फी शुक्रवारच्या आत भरा’ चालतं, म्हणून बाय. ‘मी सहाच्या आत थांबतो’ चालत नाही, म्हणून अनटिल.

नागपुरी कानाला इथं एक जादा खबरदारी लागते. इकडे ‘करून राहिला’ म्हणजे ‘करतो आहे’. ‘करून’ ऐकलं की काम पुरं झालं असं पुण्याच्या माणसाला वाटेल, आपल्याला वाटत नाही. पण इंग्रजी करायला बसलो की आपणही ‘करून’वर अडखळतो. तेव्हा पहिलं क्रियापद सोडा, दुसरं बघा. ‘तो सहापर्यंत हिशेब करून राहिला होता’: “ही वॉज डूइंग द अकाउंट्स अनटिल ६.” ‘त्यानं सहापर्यंत हिशेब करून टाकला’: “ही हॅड फिनिश्ड द अकाउंट्स बाय ६.”

रोजच्या पत्रव्यवहारातली बरीच क्रियापदं एकाच बाजूची असतात, ती पाठ झाली तर दर वेळी विचार करावा लागत नाही. सबमिट, पे, सेंड, रिप्लाय, रिटर्न, डिलिव्हर, फिनिश, रीच, अराइव्ह, डिसाइड ही एका झटक्यात होणारी, म्हणून बायची. वेट, स्टे, कंटिन्यू, लास्ट, कीप, स्लीप, रिमेन ही चालत राहणारी, म्हणून अनटिलची. “प्लीज रिप्लाय अनटिल मंडे” हे वाक्य नागपुरातल्या कुठल्याही ऑफिसच्या ईमेलमध्ये सापडेल. त्याचा शब्दशः अर्थ ‘सोमवार येईपर्यंत उत्तरं देत राहा’ असा होतो. समोरचा समजून घेतो ही गोष्ट वेगळी. परदेशी गिऱ्हाइकाला मुदतीचं पत्र लिहिताना त्या समजूतदारपणावर विसंबू नये.

दोन्ही शब्दांना पुढे वेळेचा बिंदू लागतो: वाजले किती, वार कोणता, तारीख कोणती, घटना कोणती. कालावधी चालत नाही. ‘तीन दिवसांपर्यंत दुकान बंद राहील’ याचं “अनटिल थ्री डेज” होत नाही, “फॉर थ्री डेज” होतं. ‘तीन दिवसांत पैसे देतो’ याचं “बाय थ्री डेज” होत नाही, “विदिन थ्री डेज” होतं.

याद्या जिथं फसतात

पहिली फसवी जागा म्हणजे ‘बी’ हे क्रियापद. ते दोन्हीकडे चालतं आणि अर्थ अगदी उलटा होतो. दवाखान्याच्या काउंटरवरचा हा संवाद घ्या.

“ताई, डॉक्टरसाहेब सातपर्यंत असतात का?”

“सातपर्यंत येऊन जातात, काका. तुम्ही साडेसातला या.”

काका विचारत होते की सातनंतर आलो तर साहेब भेटतील का. ताईंनी सांगितलं की साहेब सातच्या आत पोचतात. ‘असतात’ या एका शब्दात दोन्ही अर्थ मावतात, म्हणून ताईंना ‘येऊन जातात’ म्हणावं लागलं. त्यातही गंमत अशी, की आपल्याकडच्या ‘येऊन जातात’चा अर्थ ‘येतात नि निघून जातात’ असा नवख्या माणसानं घेतला तर काकांचं काम तिथंच अडलं. इंग्रजी मेसेजमध्ये “द डॉक्टर विल बी हिअर बाय ७” म्हणजे सातच्या आत येतील, पुढे असतील. “द डॉक्टर विल बी हिअर अनटिल ७” म्हणजे सातला निघतील. एक शब्द चुकला की पेशंट बरोबर नको त्या वेळी येतो. म्हणून ‘बी’ असेल तिथं आम्ही सुचवू की क्रियापदच बदला: “द डॉक्टर कम्स बाय ७”, “द डॉक्टर लीव्ह्ज ॲट ७”. मग घोळाला जागाच उरत नाही.

दुसरी जागा परवानगीची. ‘सबमिट’ बायचं असं पाठ केलेला विद्यार्थी “यू कॅन सबमिट द फॉर्म अनटिल ५ पीएम” हे वाक्य बघून चूक काढतो. ते बरोबर आहे. कारण इथं पाचपर्यंत चालू राहते ती फॉर्म देण्याची सोय. खिडकी उघडी राहते. एक माणूस फॉर्म एकदाच देतो, पण देण्याची मुभा पाचपर्यंतचा सगळा वेळ असते. म्हणून आज्ञा असेल तर बाय आणि मुभा असेल तर अनटिल: “सबमिट द फॉर्म बाय ५”, पण “फॉर्म्स विल बी ॲक्सेप्टेड अनटिल ५”. विद्यापीठाच्या परीक्षेचे अर्ज, सोसायटीची निवडणूक, महाविद्यालयातले प्रवेश, सगळीकडे ही दोन वाक्यं शेजारी शेजारी येतात आणि दोन्ही बरोबर असतात. परीक्षेत चूक ओळखायच्या प्रश्नात इथंच मार्क जातात.

तिसरी जागा ‘कीप’. ‘कागदपत्रं दहापर्यंत तयार ठेवा’ याचं “कीप द डॉक्युमेंट्स रेडी बाय १०” असं सर्रास होतं. ऐकायला खटकत नाही, पण ‘कीप’ म्हणजे ठेवत राहणं. हवं आहे ते तयार होणं. “हॅव द डॉक्युमेंट्स रेडी बाय १०” लिहा, किंवा “गेट”.

नकार आला की

नकारानं खेळ बदलतो. ‘गाडी आठपर्यंत आली नाही’ या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात आणि इंग्रजीत ते दोन वाक्यांत वेगळे पडतात. “द ट्रेन डिड नॉट अराइव्ह अनटिल ८” म्हणजे गाडी आठला आली, त्याआधी नाही. “द ट्रेन हॅड नॉट अराइव्ह्ड बाय ८” म्हणजे आठ वाजले तेव्हा ती आलेली नव्हती. पुढे केव्हा आली, आली की नाही, हे वाक्य सांगत नाही. उशिराची तक्रार लिहिताना नेमकं काय म्हणायचं ते ठरवून घ्या. पहिल्या वाक्यात तुम्ही गाडी आल्याचं कबूल करता.

इथं ‘अराइव्ह’ हे बायच्या यादीतलं क्रियापद अनटिलबरोबर कसं काय चाललं? कारण ‘न येणं’ ही चालत राहणारी अवस्था आहे. गाडी आठपर्यंतचा सगळा वेळ ‘न आलेली’ होती. हेच सूचनांना लागू होतं. “डू नॉट साइन अनटिल फ्रायडे” म्हणजे शुक्रवार उजाडेस्तोवर सही करू नका, मग करा. “डू नॉट साइन बाय फ्रायडे” या वाक्याला धड अर्थच नाही.

आता मराठी माणसाची सगळ्यात पक्की सवय: ‘मी येत नाही तोपर्यंत थांब’ याचं “वेट अनटिल आय डोंट कम”. हे मोडायला वेळ लागतो, कारण मराठीत तो ‘नाही’ हवाच असतो आणि इंग्रजीत ‘अनटिल’च्या पोटात तो आधीच असतो. दुसऱ्यांदा घातला की ‘मी न येईपर्यंत थांब’ असं काहीतरी होऊन बसतं. बरोबर वाक्य: “वेट अनटिल आय कम.”

नियम असा: ‘जोपर्यंत’च्या बाजूचा ‘नाही’ गाळा, ‘तोपर्यंत’च्या बाजूचा ठेवा. ‘जोपर्यंत पैसे जमा होत नाहीत तोपर्यंत माल सोडू नका’ यात दोन नकार आहेत. पहिला गळतो, दुसरा राहतो: “डू नॉट रिलीज द गुड्स अनटिल द पेमेंट इज क्रेडिटेड.” व्यापारी पत्रात या वाक्याचं “अनटिल द पेमेंट इज नॉट क्रेडिटेड” झालं, तर कोणी हट्टी वकील त्याचा ‘पैसे जमा नसतील अशी वेळ येईपर्यंत’ असा अर्थ लावत बसेल. ‘अनलेस’लाही हाच नियम. “अनलेस यू डोंट पे” नव्हे, “अनलेस यू पे”.

नियमाला एक अपवाद स्वयंपाकघरात भेटतो. ‘पिठात गुठळ्या राहत नाहीत तोवर ढवळा.’ इथला ‘नाही’ गाळला तर “स्टर अनटिल देअर आर लम्प्स” होईल, म्हणजे गुठळ्या होईस्तोवर ढवळा! वेगळं कसं ओळखायचं? ‘नाही तोपर्यंत’च्या जागी ‘-ईपर्यंत’ घालून बघा. ‘मी येत नाही तोपर्यंत थांब’ आणि ‘मी येईपर्यंत थांब’ यांचा अर्थ एकच, म्हणून नकार गळतो. ‘गुठळ्या राहत नाहीत तोवर’ आणि ‘गुठळ्या राहीपर्यंत’ यांचा अर्थ उलटा, म्हणजे नकार खरा आहे. तो ठेवा: “स्टर अनटिल नो लम्प्स रिमेन.” सावजी रश्श्याची कृती इंग्रजीत लिहिणाऱ्यांना हे रोज लागेल. ‘तेल सुटत नाही तोवर मसाला परता’ (नकार गळतो): “फ्राय अनटिल द ऑइल सेपरेट्स.” ‘कांद्याचा कच्चा वास येत नाही तोवर’ (नकार राहतो): “अनटिल द रॉ स्मेल इज गॉन.”

आणि ‘जोपर्यंत’च्या बाजूला मुळात ‘नाही’च नसेल तर? मग तिथं अनटिलही नाही. ‘अधिवेशन चालू आहे तोपर्यंत रजा मिळणार नाही.’ डिसेंबरात विधिमंडळ नागपुरात येतं तेव्हा इथल्या सरकारी कचेऱ्यांत हे वाक्य ऐकू येतं. याचं “अनटिल द सेशन इज ऑन” असं करणारे पुष्कळ. त्याचा अर्थ होतो ‘अधिवेशन सुरू होईपर्यंत’, म्हणजे रजा बंदची मुदत अधिवेशन सुरू झाल्या दिवशीच संपली. बरोबर वाक्यं दोन: “नो लीव्ह व्हाइल द सेशन इज ऑन” किंवा “नो लीव्ह अनटिल द सेशन एंड्स”. तसंच ‘पाऊस पडतोय तोवर थांब’ म्हणजे “वेट व्हाइल इट इज रेनिंग” किंवा “वेट अनटिल द रेन स्टॉप्स”. थोडक्यात, ‘आहे तोपर्यंत’ला ‘व्हाइल’ किंवा ‘ॲज लाँग ॲज’, ‘नाही तोपर्यंत’ला ‘अनटिल’.

पुढे पूर्ण वाक्य जोडायचं असेल तर

‘अनटिल’च्या पुढे वार, तारीख, वेळ येते तसंच कर्ता-क्रियापदासह वाक्यही येतं: “अनटिल द ऑटो कम्स”. ‘बाय’च्या पुढे वाक्य येत नाही. “बाय आय रीच्ड द स्टेशन” चूक. मध्ये ‘द टाइम’ घालावं लागतं: “बाय द टाइम आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.” मराठीत ‘मी स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी सुटली होती’.

दोन्हींनंतर भविष्याची गोष्ट असली तरी ‘विल’ येत नाही. “वेट अनटिल ही विल कम” चूक, “अनटिल ही कम्स” बरोबर. “बाय द टाइम यू विल रीच” चूक, “बाय द टाइम यू रीच” बरोबर. ‘विल’ हवा असेल तर तो दुसऱ्या अर्ध्यात जातो, आणि बायबरोबर बहुधा ‘विल हॅव’ होऊन: “बाय द टाइम यू रीच, आय विल हॅव पॅक्ड द बर्फी.”

त्या दिवसाचं काय?

शब्द बरोबर निवडला तरी भांडण होतं ते सीमेवर. “बाय फ्रायडे” म्हणजे शुक्रवार धरून की गुरुवारी रात्रीपर्यंत? सर्वसाधारण समज शुक्रवार धरून अशी आहे. पण शुक्रवारी केव्हा? एकाच्या लेखी ऑफिस सुटेस्तोवर, दुसऱ्याच्या लेखी रात्री बारापर्यंत. उपाय फुकटचा आहे: वेळ लिहा. “बाय ५ पीएम ऑन फ्रायडे, १२ जून.” वार आणि तारीख दोन्ही लिहिलं की एक चुकलं तरी दुसऱ्यावरून कळतं, आणि समोरचा विचारतो तरी.

रात्री बाराची मुदत देऊ नका. ‘१५ तारखेच्या मध्यरात्री’ म्हणजे १५ तारीख सुरू होताना की संपताना, यावर दोन शहाणी माणसंही एकमत होणार नाहीत. ‘११.५९ पीएम’ लिहा.

महिन्याच्या बाबतीत तर बाय आणखी मोकाट आहे. “बाय मार्च” म्हणजे मार्च लागायच्या आत, की मार्चमध्ये केव्हातरी, की मार्च संपताना? आपल्याकडे ‘मार्चपर्यंत’ म्हटलं की मनात मार्चअखेर असते, आर्थिक वर्षाची सवय. इंग्रजीत तेवढं स्पष्ट लिहावं लागतं: “बाय द एंड ऑफ मार्च” किंवा थेट “बाय ३१ मार्च”.

‘अनटिल’ची सीमा जास्त घातक. “ऑन लीव्ह अनटिल १२ जून” वाचून १२ तारखेला माणूस भेटेल की नाही? अर्ध्यांना वाटतं भेटेल, अर्ध्यांना वाटतं १३ ला. ताडोब्याचं उदाहरण घ्या. तिथला गाभा क्षेत्राचा भाग पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. नागपुरातला टूर चालवणारा कोणी “क्लोज्ड अनटिल ३० सप्टेंबर” लिहितो, कोणी “क्लोज्ड अनटिल १ ऑक्टोबर”. दोघांनाही एकच सांगायचं आहे. पण पहिलं वाचून एखादा ३० तारखेची गाडी पकडेल आणि दुसरं वाचून एखादा २ तारखेचं बुकिंग करेल. बंद कधीपर्यंत हे सांगण्यापेक्षा उघडणार कधी ते सांगा: “रीओपन्स ऑन १ ऑक्टोबर.” रजेच्या ईमेलमध्येही तेच: “बॅक इन ऑफिस ऑन १३ जून.”

तारीख धरून असं ठासून सांगायचंच असेल तर कायद्याची भाषा उसनी घ्या. “ऑन ऑर बिफोर ३० जून” म्हणजे ३० तारीख नक्की धरून. “अप टू अँड इन्क्लुडिंग ३० जून” हे अनटिलच्या बाजूचं. कायद्यांनाही हा प्रश्न पडतोच. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ च्या कलम ९ मध्ये म्हटलं आहे की केंद्रीय कायद्यात पहिला दिवस वगळायला ‘फ्रॉम’ आणि शेवटचा दिवस धरायला ‘टू’ हा शब्द पुरेसा आहे. कलम १० नुसार मुदतीच्या शेवटच्या दिवशी कोर्ट किंवा कचेरी बंद असेल, तर ती पुढे ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी केलेलं काम मुदतीत धरलं जातं. ही सवलत सोसायटीच्या नोटिशीला किंवा खाजगी कंपनीच्या ईमेलला आपोआप लागू होत नाही. तिथं रविवार आला म्हणून मुदत सोमवारवर जात नाही, तसं लिहिलेलं असल्याशिवाय.

संत्रा बर्फीच्या डब्यावरही हाच शब्द असतो. ‘यूज बाय’ म्हणजे या तारखेच्या आत संपवा, नंतर खाऊ नका. ‘बेस्ट बिफोर’ वेगळं: त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम राहील, नंतर उतरेल. दोन्हीला मराठीत ‘अमुक तारखेपर्यंत’ म्हणून मोकळं होऊ नका.

जागा आणि आकडे

‘पर्यंत’ वेळेपुरता नाही. नागपूर मेट्रोची ऑरेंज लाइन पहिल्या टप्प्यात ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत झाली. इथं ना बाय ना अनटिल: “फ्रॉम ऑटोमोटिव्ह स्क्वेअर टू खापरी”. ‘बाय खापरी’ म्हटलं तर खापरीशेजारी असा अर्थ निघेल. पण प्रवाशाला सांगायचं असेल की सीताबर्डीपर्यंत बसून राहा आणि तिथं ॲक्वा लाइनला बदला, तर “स्टे ऑन द ट्रेन अनटिल सीताबर्डी” अगदी बरोबर. बसून राहणं आलं, म्हणून अनटिल आलं.

आकड्यांत ‘पर्यंत’ म्हणजे ‘अप टू’. सेलच्या बोर्डावर ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ याचं “प्रायसेस रिड्यूस्ड बाय ५० पर्सेंट” केलं तर दुकानदारानं सगळ्याच मालावर निम्मी किंमत कबूल केली. बाय आकड्याच्या आधी आला की नेमका फरक सांगतो, कमाल मर्यादा नाही. गिऱ्हाईक बोर्डाचा फोटो काढून काउंटरवर आलं की समजावणं अवघड जातं.

बाकीचं किरकोळ. ‘टिल’ म्हणजे ‘अनटिल’च, अर्थात फरक नाही. ते त्याचं छोटं रूपही नाही, उलट इंग्रजीत आधी आलेलं तेच. पत्रात ‘अनटिल’ थोडं भारदस्त वाटतं एवढंच. स्पेलिंगमध्ये टिलला शेवटी दोन एल, अनटिलला एक. ‘टिल डेट’ भारतातच चालतं, बाहेर ‘टू डेट’ लिहा. ‘बाय टुडे इव्हनिंग’ नको, ‘बाय धिस इव्हनिंग’. ‘आत्तापर्यंत पोचला असेल’ला “बाय नाऊ” आणि ‘आत्तापर्यंत नागपुरातच होता’ला “अनटिल नाऊ”.

हात बसवायला

खालची वाक्यं आधी स्वतः करून बघा, मग उत्तरं वाचा.

१. आंबिया बहाराची संत्री डिसेंबरअखेरपर्यंत तोडून होतील.
२. मृग बहाराची फळं मार्चपर्यंत झाडावर राहतील.
३. व्यापारी भाव सांगत नाही तोपर्यंत तोडणी सुरू करू नका.
४. ट्रक सकाळी सहापर्यंत कळमन्याच्या बाजारात हवा.
५. ऊन आहे तोवर क्रेट सावलीत ठेवा.
६. मी बाजारात पोचेपर्यंत लिलाव संपला होता.
७. आठवडाभर, शनिवारपर्यंत, नोंदणी करता येईल.

पहिल्याला बाय, ‘तोडून होतील’ हे सांगतंच. दुसऱ्याला अनटिल, पण मार्चच्या सुरुवातीपर्यंत की अखेरपर्यंत ते लिहा, नाहीतर व्यापारी त्याच्या सोयीचं धरेल. तिसऱ्यात पहिला नकार गळतो: “डू नॉट स्टार्ट प्लकिंग अनटिल द ट्रेडर कोट्स अ प्राइस.” चौथ्यात ‘हवा’ म्हणजे पोचायला हवा, म्हणून “द ट्रक मस्ट रीच कळमना बाय ६ एएम”. इथं ‘बी’ टाळलंय ते मुद्दाम. पाचव्यात ‘आहे तोवर’, म्हणून “व्हाइल द सन इज आउट”. सहाव्यात “बाय द टाइम आय रीच्ड द मार्केट, द ऑक्शन हॅड एंडेड”. सातव्यात मुभा आहे, म्हणून “यू कॅन रजिस्टर अनटिल सॅटर्डे”, आणि शनिवारी किती वाजेपर्यंत तेही लिहा.